असोद्याच्या बांधावरची हिरवी अळी

नशिराबादमध्ये नूर महंमद पिंजाऱ्याच्या घराला लोक थट्टेने अळ्यांचं घर म्हणायचे. पुढच्या खोलीत नूर महंमद कापूस पिंजून गाद्या भरायचा आणि मागच्या खोलीत त्याची मुलगी जरीना अळ्या पाळायची. फळीवर काचेच्या बरण्या, तोंडाला मलमल बांधलेली, आत ताजी पानं. कुठे एरंडाची, कुठे आंब्याची, कुठे पळसाची. सकाळी उठून जुनी पानं काढायची, नवी घालायची, कोणती अळी कात टाकतेय ते बघायचं आणि मग एसटीने जळगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला जायचं, हा तिचा रोजचा क्रम. गल्लीतल्या बायका तिच्या आईला विचारायच्या, "अकबरी, पोरीचं लग्न कधी?" आणि अकबरी म्हणायची, "त्या अळ्यांचे पतंग झाले की." १९८९ साली पोळा झाला, कपाशीला बोंडं धरली आणि या थट्टेतली गंमत एकाएकी निघून गेली.

जरीनाचं पीएच.डी.चं काम खानदेशातल्या पतंगांवर होतं. दिव्यावर झेपावतात ते हे पतंग. पांढरा कपडा टांगून त्यामागे दिवा लावला की ते आपोआप येतात, टाचणीला लागतात, त्यांना नाव देता येतं. पण हा पतंग अळी असताना कोणत्या झाडावर जगला, हे दिवा सांगत नाही. त्यासाठी अळी शोधावी लागते, तिचं पान ओळखावं लागतं आणि ती कोश करून पंख घेऊन बाहेर येईपर्यंत तिला जगवावं लागतं. जरीनाला तेच हवं होतं.

त्यात एक गाठ तिच्याने सुटत नव्हती. पोपटी रंगाची, पाठीवर निळसर पट्टा असलेली, अंगभर काट्यांचे झुबके असलेली एक अळी होती. तिला पाय दिसत नाहीत, ती गोगलगायीसारखी सरकते, आणि काटा लागला तर आग आग होते. ही अळी एरंडावरही सापडायची आणि आंब्यावरही. पुस्तकात दोन्हींना एकच नाव होतं. पण जरीनाच्या बरणीतली एरंडावरची अळी आंब्याच्या पानाला तोंड लावत नव्हती. उपाशी मरायची, पण खायची नाही. म्हणजे ही एकच जात की सारख्या दिसणाऱ्या दोन? दोन्हीकडचे पुरेसे नर पतंग हाती आले असते, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या शेपटाकडचे भाग ताडून पाहून निकाल लागला असता. आंब्याकडचे तिने आदल्या वर्षीच जमवले होते. एरंडाकडचे या वर्षी व्हायचे होते. बरण्यांत ते कोश तयार होत होते, सुपारीसारखे टणक आणि तपकिरी.

या अळ्या तिने असोद्याच्या रुपचंद भोळ्यांच्या बांधावरून आणल्या होत्या. रुपचंदनाना केळी आणि कपाशीचा शेतकरी. बांधावर एरंडाची दाट ओळ. नूर महंमदने त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या गाद्या भरल्या होत्या, त्या ओळखीवर नाना जरीनाला बांधावर हवं तेवढं फिरू देत, वर विहिरीवर बसवून चहाही पाजत.

पोळ्यानंतर असोद्यातल्या एका बाईला बकरीसाठी एरंडाचा पाला तोडताना खांद्यावर अळी लागली. खांदा सुजला, बाई रडली, दुसऱ्या दिवशी बरी झाली. पण बातमी गावाबाहेर पडली ती वेगळीच होऊन. कुणी म्हणालं बाई बेशुद्ध पडली, कुणी म्हणालं वारली. एका छोट्या साप्ताहिकात 'विषारी अळीची दहशत' असं छापून आलं. मजूर शेतात जायला का-कू करू लागले. मग कुणाला तरी आठवलं, नशिराबादची पिंजाऱ्याची पोरगी याच अळ्या डब्यात भरून नेते. एके दिवशी एसटीत जरीना डबा मांडीवर घेऊन बसली, तर शेजारची बाई पदर सावरत उठली आणि उभ्याने जळगावपर्यंत गेली. जरीनाने तेव्हापासून डबा पिशवीत घालायला सुरुवात केली.

तिने थांबायला हवं, असं नूर महंमद म्हणाला. दिवस नाजूक होते. गाव मिळूनमिसळून राहत होतं, पण गावोगावी हिंदू-मुसलमानांत काय काय घडतंय ते रेडिओवर ऐकू येत होतं. "बेटी, महिनाभर जाऊ नको," तो म्हणाला. जरीना म्हणाली, "अब्बा, महिन्याभरात हंगाम संपतो."

कॉलेजला सुटी होती त्या दिवशी ती सकाळीच असोद्याला गेली. नानांच्या कपाशीत फवारणी चालली होती. बोंडअळीने त्या साली शेतकऱ्यांची झोप उडवली होती. एका औषधाला ती दाद देईना म्हणून लोक दोन औषधं एकत्र करून मारत होते. नाना बांधावर आले, नेहमीसारखे हसले नाहीत.

"बाई, आज अठी थांबू नका," ते म्हणाले. "लोकं तुमचं नाव काढून राह्यले."

"अर्ध्या तासात निघते, नाना."

ते परत फवारणीकडे गेले. जरीना बांधाच्या टोकाला एरंडाची पानं उलटून पाहत होती. कपाशीतून औषधाचा कडू, लसणासारखा वास येत होता. पुना नावाचा गडी पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालत होता आणि द्रौपदाबाई ड्रमातून औषध कालवून त्याला पंप भरून देत होती. द्रौपदाबाई आणि तिचा नवरा निंबा पारोळ्याकडचे. हंगामाला इकडे येऊन मजुरी करत. ती हाताने, काठी न घेता, कोपरापर्यंत हात घालून ढवळत होती हे जरीनाने पाहिलं. काही तरी बोलावं असं तिला वाटलं, पण आज आपण इथे कुणाला काही सांगावं असा दिवस नाही, असंही वाटलं. ती गप्प राहिली. हे गप्प राहणं तिला पुढे बराच काळ टोचत राहिलं.

ऊन वर आलं तेव्हा द्रौपदाबाई एरंडाच्या सावलीला येऊन बसली. डोकं दुखतंय म्हणाली. मग ओकली. मग आडवी झाली ती उठेनाच.

निंबाची हाक ऐकून शेतातले लोक धावले. शेजारच्या वावरातलेही आले. जरीना पोचली तेव्हा घोळका जमला होता आणि एक माणूस काडीने द्रौपदाबाईच्या लुगड्यावरून एक हिरवी अळी उडवत होता. एरंडावरून पडलेली.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "अयी लागली तिले."

सगळ्यांनी मान वळवून जरीनाकडे पाहिलं. तिच्या हातात डबा होता.

"या बाईनंच आनल्या या अया," मागून कुणी तरी म्हणालं. "घरी पाळते अन् अठी आनून सोडते."

"मी इथून नेते," जरीना म्हणाली. "सोडत नाही." पण तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. एकाने तिच्या हातातला डबा हिसकून बांधावर आपटला. झाकण उडालं, पानं पसरली, आणि लोक अळ्यांपासून मागे सरले. त्या मोकळ्या झालेल्या जागेतून जरीना द्रौपदाबाईजवळ पोचली.

तिच्या तोंडातून फेस येत होता. अंग घामाने निथळत होतं. दंडाचे, गालाचे स्नायू कातडीखाली बारीक बारीक उडत होते. जरीनाने तिची पापणी वर केली. भर सावलीत डोळ्यातली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती. लुगडं औषधाने भिजून अंगाला चिकटलेलं होतं.

जरीनाला या अळीचा काटा किती तरी वेळा लागला होता. आग होते, गांधी उठतात, संध्याकाळपर्यंत ठणकतं. याहून जास्त तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि हे जे समोर होतं ते तिने वर्गात शिकवलं होतं, कीटकनाशक मज्जातंतूंवर काय करतं ते. किड्यांवर करतं तेच.

"हे अळीचं नाही," ती म्हणाली. "औषध अंगात भिनलंय. हिला धुवा, लुगडं बदला आणि जळगावला न्या. आत्ता."

कोणी हललं नाही. एक म्हातारा म्हणाला की मारुतीच्या पाराजवळ एक भगत आहे, तो विष उतरवतो, साप-विंचवाचं उतरवतो तसं अळीचंही उतरवील. दोघे-तिघे मान डोलावू लागले. निंबा बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

जरीना रुपचंदनानांकडे वळली. "नाना, सकाळपासून फवारणी चालली आहे. सांगा यांना."

नाना खाली बघत होते. फवारणीत माणूस गेलं तर पोलीस येतात, हे त्यांना ठाऊक होतं. अळीने गेलं तर कोणीच येत नाही. "फवारनी तर समद्यांच्याच वावरात व्हते," ते म्हणाले. "पुना फवारतो, त्याले तर काही झालं नाही. तिले अयीच लागली असंन."

जरीनाला त्यांचा राग आला नाही. तेवढा वेळच नव्हता. द्रौपदाबाईचा श्वास आता घरघरत होता. तिने बांधावर वाकून पसरलेल्या पानांतून एक पान उचललं, त्यावरची मोठी अळी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर धरली आणि उजव्या हाताने वरून पान दाबलं.

बायकांपैकी कोणी तरी आई गं म्हणालं. जरीनाच्या डोळ्यांत पाणी आलं, जबडा आवळला गेला. पान काढून तिने हात लोकांपुढे धरला. काटे कातडीत दिसत होते आणि भोवती लाल गांधी पसरत होत्या.

"मला लागली आता," ती म्हणाली. "हिच्या विषाने माणूस असं पडत असेल तर मीही पडेन. माझ्याकडे बघत बसा. पण तिला हलवा."

क्षणभर सगळे तिच्या हाताकडेच पाहत राहिले. बोलला तो निंबा, पहिल्यांदाच.

"सकायपाइन पंप भरी राहिंती ती," तो म्हणाला. "लुगडं बठ्ठं वल्लं व्हतं." मग तो नानांकडे पाहून म्हणाला, "नाना, ट्रॅक्टर काढा."

त्याच्या आवाजात विनवणी नव्हती. नाना वळले आणि ट्रॅक्टरकडे चालू लागले. चालता चालता पळू लागले. बायकांनी आडोसा धरला, विहिरीवरून घागरी आल्या, साबण आला. कुणी आपलं पातळ दिलं. जरीना एका हाताने पाणी ओतत होती. दुसरा हात कोपरापर्यंत पेटल्यासारखा झाला होता.

जळगावचा रस्ता तेव्हा खड्ड्यांचा होता. ट्रॉलीत द्रौपदाबाईला कुशीवर निजवलं होतं, निंबा तिच्या तोंडातला फेस पदराने पुसत होता. "वाची ना ती?" तो एकदाच म्हणाला. जरीनाने द्रौपदाबाईची मान सरळ धरून ठेवली. वाटेत एकदा श्वास थांबल्यासारखा झाला, तेव्हा तिने नाव घेऊन हाका मारत तिच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि तो पुन्हा सुरू झाला.

दवाखान्यात डॉक्टर वाल्मीक तायडे होते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले, नुकतेच नोकरीला लागलेले. बरोबर आलेल्या गावकऱ्यांनी आत शिरताच अळी, अळी असा गलका केला. डॉक्टरांनीही साप्ताहिक वाचलं होतं. त्यांनी सूज कुठे आहे ते शोधायला सुरुवात केली.

"डॉक्टर, हिचे डोळे बघा," जरीना म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"मी या अळ्यांवर अभ्यास करते. हीच अळी मला तासाभरापूर्वी लागली आहे." तिने हात पुढे केला. हात सुजून टम्म झाला होता, पण ती उभी होती.

तायड्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग टॉर्च घेऊन द्रौपदाबाईच्या डोळ्यांकडे. ओणवून तिच्या केसांचा वास घेतला. त्यांचा चेहरा बदलला. "ॲट्रोपीन काढा," ते नर्सला म्हणाले, आणि मागे वळून विचारलं, "औषध कोणतं मारत होते?"

दारात नाना उभे होते. जरीनाने आणि निंबाने त्यांच्याकडे पाहिलं. नाना भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पाटीकडे पाहत होते.

"मला नाव कळलं तर बरं होईल," डॉक्टर म्हणाले. "पोलिसांना काय सांगायचं ते तुम्ही नंतर ठरवा."

"मोनो व्हतं," नाना म्हणाले. "त्याच्यात आनखी एक मिसळलं व्हतं. जरा जास्तीच." आणि ते तिथेच खाली बसले.

त्या दुपारी द्रौपदाबाईला एकामागून एक इंजेक्शनं दिली जात होती. तोंडाचा फेस कमी व्हायचा, पुन्हा यायचा, पुन्हा सुई. दवाखान्यातलं ॲट्रोपीन संपत आलं तेव्हा तायड्यांनी बाहेरच्या दुकानांतून आणायला माणूस पिटाळला. जरीना बाहेर बाकावर बसून होती. नर्सने तिच्या हातावर चिकटपट्टी लावून काटे उपटले आणि काही तरी मलम चोळलं. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, बाहुली मोठी होतेय, फुप्फुसं कोरडी होताहेत. वाचेल असं म्हणायला हरकत नाही.

जरीना शेवटच्या एसटीने नशिराबादला उतरली तेव्हा तिला फक्त झोपायचं होतं. गल्लीत जळकट वास येत होता. घरासमोर कोणी नव्हतं, पण दार आतून बंद होतं. नूर महंमदने उघडलं. तो बाजूला झाला.

मागच्या खोलीतली फळी रिकामी होती. बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. अंगणातल्या चुलीजवळ अकबरी बसली होती, हात राखेने काळे.

दुपारी असोद्याहून बातमी आली होती की एक बाई मेली आणि लोक पिंजाऱ्याच्या घराकडे निघालेत. नूर महंमद बाजारात होता. गावातलेच दोघे-तिघे दारात येऊन विचारून गेले होते, अळ्या कुठे आहेत म्हणून. ओळखीचेच. एकाच्या बायकोच्या बाळंतपणाच्या गाद्या याच घरातून गेलेल्या. ते दमदाटी न करता गेले, पण अकबरीने दाराला आतून कडी घातली. ती आत गेली आणि एकेक बरणी चुलीत रिती करत गेली.

"मैं ही जलाई सब," ती म्हणाली. "कोणी आलं असतं आणि घरात सापडलं असतं तर?"

त्यात एरंडाकडचे सगळे कोश होते. जरीना चुलीजवळ उकिडवी बसली. तिला ओरडायचं होतं, पण आई अजून दाराकडेच बघत होती. तिने आईचे हात घागरीच्या पाण्याने धुतले. मग जरीनाच्या सुजलेल्या हाताला आई काही लावू लागली, तेव्हा मात्र तिला रडू फुटलं आणि बराच वेळ थांबलं नाही.

द्रौपदाबाई वाचली. पोलिसांनी पंचनामा केला, रुपचंदनानांना काही महिने चौकीचे हेलपाटे पडले, मग ते प्रकरण तिथेच विरलं. असोद्यात लोकांनी बांधांवरचे एरंड तोडून जाळले. औषध की अळी, हा वाद पारावर चालूच राहिला, पण एरंड तोडायला कष्ट कमी होते. नानांनी पुनाकडून निरोप पाठवला की बाईंनी आता वावरात येऊ नये. जरीनाला निरोपाचं वाईट वाटलं. दवाखान्यात खाली बसलेले नाना तिला आठवत, आणि एकदा जळगावच्या बाजारात ते समोर आले तेव्हा दोघांनीही मान हलवली.

तिच्या मार्गदर्शकांनी सुचवलं की एरंड-आंब्याचा प्रश्न प्रबंधातून काढून टाकावा. दिव्यावरचे पतंग पुरेसे आहेत. ती नाही म्हणाली. पुढच्या पावसाळ्यात निंबा कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. पारोळ्याकडे त्यांच्या गावच्या नाल्यावर एरंडाचं रानच आहे, तिथे कोणी अडवणार नाही, असं त्याला सांगायचं होतं. जरीना तिथे जाऊ लागली. अळ्या तिने घरी आणल्या नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुलपात ठेवल्या. त्या वर्षी निम्म्या बुरशीने गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस नीट झाला नाही. नर पतंग पुरेसे जमायला आणखी एक हंगाम लागला. मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तेव्हा फरक इतका स्पष्ट होता की तिला क्षणभर आपलीच चूक असेल असं वाटलं. तिने ते पुण्याच्या एका जाणकारांकडे पाठवले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: जाती दोन आहेत, आणि नमुने जपून ठेवा.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एकोणनव्वद सालचे एरंडावरचे नमुने दिसत नाहीत."

"नाहीत," जरीना म्हणाली. "जळाले."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, आणखी काही विचारावं की नाही असा विचार केला आणि पान उलटलं.

पारोळ्याला गेली की ती द्रौपदाबाईकडे उतरायची. बाईच्या हाताला थोडा कंप राहिला होता. पाण्याचा तांब्या देताना दिसायचा. जरीनाने तिला किती तरी वेळा समजावलं की तुला पाडलं ते औषधाने, अळीने नव्हे. द्रौपदाबाई ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "माले अयीच लागनी व्हती, बाई. औशध तर बठ्ठास्ना अंगवर पडस." सगळ्यांच्याच अंगावर पडतं ते एकटीला कसं पाडेल, हे तिला पटायचं नाही.

पण फवारणीच्या कामाला ती पुन्हा गेली नाही, आणि गल्लीतल्या पोरीबाळींनाही जाऊ देत नसे. का, तिथे काय आहे, असं कोणी विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"तठे अया ऱ्हातस."